भट्टीचा घुमट आणि सिमेंटचा मोह

बेकरीच्या धंद्यातील आपल्या बांधवांना भट्टीविषयी काही सांगायला जावे, तर ते हसून म्हणतात, "भाई, आमचा जन्म भट्टीपुढे गेला. तुम्ही काय शिकवणार?" त्यांचे म्हणणे खोटे नाही. पाव कधी लावायचा, खारी कधी काढायची, नानखटाईला किती आच पुरे, हे त्यांना घड्याळ न बघता कळते. परंतु भट्टी तापवणे वेगळे आणि भट्टी बांधणे वेगळे. बांधकामाची वेळ आली की मालक विटांचा भाव चार ठिकाणी विचारतो, मजुरीवर दोन दिवस घासाघीस करतो, आणि मसाल्याचा विषय निघाला की मिस्त्रीला एवढेच सांगतो, "सिमेंट जरा सढळ हाताने टाका, काम पक्के झाले पाहिजे." या एका वाक्यापायी किती घुमट खाली बसले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आमच्याच घरचे उदाहरण सांगतो. मिरजेकडे आमची बेकरी होती. जुनी भट्टी मोडून अब्बांनी नवी बांधायला घेतली. जुने उस्ताद हयात नव्हते. घरे बांधणारा एक चांगला गवंडी मिळाला. त्याचा हात खरोखरच सफाईदार होता. त्याने फायर ब्रिक वापरली, पण सांधे भरले सिमेंट आणि नदीच्या वाळूने. दोन महिने भट्टीकडे बघत राहावे असे काम! मग बकरी ईद आली. कारागीर गावी गेले आणि भट्टी आठवडाभर थंड राहिली. ती पुन्हा पेटवली त्या दिवसापासून घुमटातून भुगा गळू लागला. तिसऱ्या दिवशी एक हॉटेलवाला पावाची लादी घेऊन दारात उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही. फक्त पाव मोडून दाखवला, आत खडी होती. पुढच्या पावसाळ्यात तोंडावरची कमान बसली. तीन आठवडे धंदा बंद राहिला. भट्टी पुन्हा उभी राहिली, पण त्या तीन आठवड्यांत दुसरीकडे गेलेली निम्मी गिऱ्हाइके परत आली नाहीत. अब्बा शेवटपर्यंत गवंड्याला दोष देत राहिले. आज विटा आणि भट्टीचे सामान विकण्याच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर मला वाटते की दोष त्या गवंड्याचा कमी आणि आमच्या समजुतीचा जास्त होता.

समजूत अशी की, जो मसाला कठीण तो मजबूत. घराच्या भिंतीला ती लागू पडते, भट्टीला पडत नाही. साध्या सिमेंटमध्ये पाणी घातले की त्या पाण्याचा काही भाग सिमेंटच्या कणांशी जखडून जातो, आणि त्या बंधनामुळेच ते दगडासारखे होते. आच लागली की तेच पाणी पुन्हा सुटू लागते. तीनशे अंशांच्या पुढे ताकद उतरू लागते. चारशे ते पाचशे अंशांच्या दरम्यान त्यातील विरलेला चुना फुटून त्याचा कळीचा चुना होतो. भट्टी तापलेली असेपर्यंत हा चुना गप्प बसतो. भट्टी थंड झाली, हवेतला ओलावा लागला, की तो पाणी ओढून फुगतो आणि सांधा आतून फुटतो. आमच्या भट्टीने ईदच्या सुट्टीनंतरच भुगा का गाळला, याचे उत्तर यात आहे. वाळूचीही तीच गत. तिच्यातील गारगोटीचे कण ५७३ अंशांवर एकाएकी फुगतात. पावाच्या भट्टीचा सगळा घुमट इतका तापत नाही, पण ज्वाला जिथे थेट चाटते तिथे हा आकडा गाठला जातो.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. घुमटात मसाल्याचे काम चिकटवण्याचे नाही. घुमट उभा राहतो तो आपल्या आकारावर. प्रत्येक वीट शेजारच्या विटेला दाबते, हा दाब उतरत उतरत बाजूच्या भिंतींवर जातो आणि वरची कळीची वीट बसली की सगळे एकमेकांना धरून ठेवतात. मसाला फक्त दोन विटांमधली फट भरतो, म्हणजे दाब सगळीकडे सारखा पडतो. म्हणून सांधा जितका पातळ तितका घुमट चांगला. फायर ब्रिकच्या कामात दोन-तीन मिलिमीटरचा सांधा पुरे होतो. चौकोनी विटा तशाच लावल्या तर आतून त्या टेकतात, पण बाहेरच्या अंगाला मोठी पाचर उघडी राहते आणि ती बुजवायला घमेलेभर मसाला लागतो. विटा निमुळत्या कापून घ्याव्यात, किंवा कमानीसाठी तयार मिळणाऱ्या निमुळत्या विटा आणाव्यात. मसाल्याचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. आपल्याकडच्या बेकरीच्या भट्ट्या रुंद असतात आणि घुमट चपटा असतो. घुमट जितका चपटा तितका तो भिंतींना बाहेर ढकलतो. भिंत अर्धा इंच सरकली तर जगातला कोणताही मसाला घुमट वाचवू शकणार नाही. भिंतीला बाहेरून लोखंडी अँगलचा कंबरपट्टा जरूर घाला, परंतु घुमटाच्या आत लोखंडी सळी किंवा खिळा नको. तापल्यावर लोखंड फायर ब्रिकच्या जवळजवळ दुप्पट फुगते आणि विटेला चीर पाडते.

आता बाजारात काय मिळते ते पाहू.

सर्वांत जुना आणि स्वस्त मसाला म्हणजे फायर क्ले. तिच्याविषयी आमच्या दुकानदार मंडळींनीच एक गैरसमज पसरवला आहे. ते गिऱ्हाइकाला सांगतात की ही माती आचेने भाजून विटेसारखी कठीण होते. होते, पण हजार अंशांच्या वर. लोखंड वितळवणाऱ्या भट्टीत ती भाजली जाईल. पाव भाजणाऱ्या भट्टीत ती शेवटपर्यंत वाळलेली मातीच राहते. याचा अर्थ ती वाईट असा नव्हे. वर सांगितल्याप्रमाणे घुमटाला फट भरणाराच मसाला हवा असतो, आणि फायर क्ले आच सोसते, फुगत नाही, चुन्यासारखी फुटत नाही. नुसती लावली तर मात्र ती वाळताना आकसते आणि भेगा पडतात. म्हणून एक भाग मातीला दीड-दोन भाग फायर ब्रिकचा बारीक भुगा मिसळावा. भुगा चाळणीतून काढलेला हवा, नाहीतर पातळ सांधा बसणार नाही. विटा लावण्यापूर्वी पाण्यात बुडवून काढाव्यात, कारण कोरडी वीट मसाल्यातले पाणी क्षणात पिऊन टाकते. फायर क्लेचा एकच मोठा शत्रू आहे, तो म्हणजे पाणी. भट्टीवरचे पत्रे गळत असतील, किंवा उघड्या अंगणात भट्टी असेल, तर कोकणातल्या एका पावसाळ्यात सांधे वाहून जातील.

दुसरा मसाला मिश्र. तीन भाग बारीक वाळू, एक भाग सिमेंट, एक भाग विरवलेला चुना आणि एक भाग फायर क्ले. परदेशात हौसेने भट्ट्या बांधणाऱ्यांमध्ये तो पुष्कळ चालतो, आणि आपले मिस्त्रीही कमीअधिक प्रमाणात असेच काहीतरी करतात. यात सिमेंटचे काम फक्त पहिल्या दिवसांत काम धरून ठेवण्याचे. आचेने सिमेंट निकामी झाले तरी चुना आणि माती जागेवर राहतात, शिवाय पाण्यालाही तो नुसत्या मातीपेक्षा बरा टिकतो. पण या हिशेबात घराच्या सवयीने सिमेंटचा हात सुटला, की आमच्या बेकरीची कथा पुन्हा घडली म्हणून समजा. हा मसाला मी घुमटाच्या बाहेरच्या थराला देतो. आतल्या विटांना देत नाही.

तिसरा म्हणजे हाय अॅल्युमिना सिमेंट. दिसायला सिमेंटच, पण जात वेगळी. फ्रान्समध्ये १९०८ साली त्याचे पेटंट घेतले गेले. यात तो फुटणारा चुना तयारच होत नाही, म्हणून ते आचेपुढे टिकते. चोवीस तासांत त्याची बहुतेक ताकद येते, पाण्याने विरघळत नाही. मात्र ते साध्या सिमेंटच्या कित्येक पट महाग आहे आणि त्याचे नखरेही आहेत. थोडे थोडे कालवावे लागते, पहिला दिवस ओले आणि थंड ठेवावे लागते, आणि जुनी गोणी चालत नाही. सर्वांत मोठी चूक काटकसरीपोटी होते. अर्धे हे आणि अर्धे साधे सिमेंट, किंवा थोडा चुना, असे मिसळले की घमेल्यातच मसाला आवळतो आणि लावलेला भागही कच्चा राहतो. घ्यायचे तर शुद्ध घ्या, भुग्यात मिसळा आणि जिथे गरज आहे तेवढ्याच जागी वापरा.

तयार डब्यांतून किंवा पिशव्यांतून येणारा, हवेत वाळून घट्ट होणारा मसालाही मिळतो. त्यात सोडियम सिलिकेट असते. अगदी पातळ सांध्याला उत्तम, पण पाचर बुजवायला अगदीच निरुपयोगी. पहिली आच लागेपर्यंत त्याला पाण्यापासून जपावे लागते.

तर मग घ्यायचे काय? छपराखालच्या, लाकडावर चालणाऱ्या पावाच्या भट्टीला आतल्या घुमटासाठी माझी पसंती आजही फायर क्ले आणि भुग्यालाच आहे. तोंडाच्या कमानीला मात्र हाय अॅल्युमिना वापरावे, कारण तिथे आतून आच आणि बाहेरून गार हवा अशी दिवसभर ओढाताण चालते, आणि कारागिराच्या लांब दांड्याचे धक्के बसतात ते वेगळे. पुण्या-मुंबईच्या हॉटेलांतून हल्ली पिझ्झाच्या भट्ट्यांची मागणी येते. तिथे हिशेब निराळा आहे. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा दीड मिनिटाच्या आत भाजतात आणि त्याला साडेचारशे अंशांच्या आसपासची आच लागते. शिवाय अशी भट्टी पुष्कळदा गच्चीवर, उघड्यावर असते. तिथे हाय अॅल्युमिनाचा खर्च मालकाला सांगून घ्यावा, आणि नसेल परवडत तर काम नाकारावे. पडलेल्या घुमटावर मिस्त्रीचेच नाव लागते.

या मतावर बुजुर्गांचा आक्षेप ठरलेला आहे. ते म्हणतात, "आमच्या वडिलांची भट्टी चुना-सुरखीत बांधलेली होती. चाळीस वर्षे हलली नाही." मी अशा भट्ट्या उतरवताना पाहिल्या आहेत, त्यांचे सांधे खरोखर शाबूत असतात. पण त्या भट्टीची आग विझत कुठे होती? रोज रात्री पेटायची, दिवसभर ऊब धरून राहायची, सणालाही एखाद्याच दिवसाची सुट्टी. ओलावा आत शिरायला सवडच मिळत नव्हती. शिवाय चुना महिनोन्‌महिने मुरवलेला, घाणीत दळलेला, सुरखी चांगल्या भाजक्या विटांची. आजचा पुडीतला चुना आणि कच्च्या विटांचा लाल भुगा घेऊन आजोबांचे नाव सांगण्यात अर्थ नाही.

आणि आता तर आगच बदलली आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबईतील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. त्या आदेशाच्या बऱ्यावाईटावर, त्यात कोणाची रोजी अडचणीत आली यावर, स्वतंत्रपणे लिहिता येईल. इथे मुद्दा मसाल्याचा आहे. पुष्कळ बांधवांनी जुन्याच घुमटात गॅसचा बर्नर बसवला, किंवा बसवण्याच्या विचारात आहेत. लाकडाची आग फरशीभर पसरते आणि हळूहळू चढते. बर्नरची ज्वाला एकाच जागी, पहिल्या मिनिटापासून पूर्ण जोराने आदळते. घुमटाचा तेवढाच भाग लाल होतो, शेजारचा थंड राहतो आणि सांध्यात ताण येतो. शिवाय बटण दाबून पेटणारी आग मालक बटण दाबून बंदही करतो. जी भट्टी कधी थंड होत नव्हती ती आता रोज थंड होते. म्हणून चाळीस वर्षे टिकलेला चुन्याचा सांधा गॅसवर दोन वर्षांत भुगा देऊ लागला तर नवल वाटू नये. बर्नर बसवणारा फक्त पाइप आणि नोझलचे बोलतो. त्याच्याबरोबर भट्टीचा मिस्त्रीही बोलवा. ज्वाला आदळते त्या भागातले सांधे खरवडून हाय अॅल्युमिना मसाल्याने भरून घ्या, किंवा बर्नरपुढे फायर ब्रिकची आडभिंत उभी करा म्हणजे ज्वाला फुटून पसरेल.

भंगाराच्या धंद्यातील बांधवांनाही एक विनंती. कोल्हापूरच्या फाउंड्रींच्या पट्ट्यात जुन्या फायर ब्रिक स्वस्तात मिळतात आणि बेकरीवाल्यांना विकल्या जातात. त्यांवर धातूची मळी चिकटलेली असेल तर त्यांना नवा मसाला धरत नाही. आणि कारखान्यांतल्या काही भट्ट्यांच्या विटांमध्ये क्रोमियम असते. वापरून झाल्यावर ते विषारी रूपात उरू शकते. काळपट, हातात घेताच नेहमीपेक्षा जड लागणारी, कुठून आली ते माहीत नसलेली वीट अन्नाच्या भट्टीला देऊ नका. दोन पैसे कमी सुटतील, पण त्या भट्टीचा पाव लहान मुले खातात.

मिस्त्रींच्या बाजूनेही बोलले पाहिजे. पातळ सांध्याचे काम संथ असते. प्रत्येक वीट बसवून पाहावी लागते, घासावी लागते, पुन्हा बसवावी लागते. असे काम ठेक्यावर दिले की मिस्त्री जाड सांधे घालून दोन दिवसांत घुमट बंद करणार, त्याला बोल लावता येत नाही. रोजावर द्या. मसाल्याच्या सामानात जे वाचवायला बघता ते एकूण खर्चात किरकोळ असते, कारण पातळ सांध्याला मसाला लागतोच किती? आणि उस्तादांनी आपला हिशेब मुलाला किंवा शागिर्दाला लिहून द्यावा. आमच्या भागात घुमट बांधणारे हात बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांपैकी एका चाचांना मी मसाल्याचे प्रमाण विचारले, तर ते म्हणाले, "बेटा, थापीला कळतं." थापीला कळत असेल, पण चाचांच्या मुलाने मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकले आहे.

ज्यांना माझ्या सांगण्यावर भरवसा नाही त्यांनी घरीच परीक्षा घ्यावी. जे दोन-तीन मसाले मनात असतील त्यांच्या बिस्किटाएवढ्या वड्या थापा आणि आठवडाभर सावलीत वाळवा. मग आपल्या किंवा शेजारच्या भट्टीत, आच सर्वांत जास्त असते तिथे, त्या एक रात्र ठेवा. बाहेर काढून थंड झाल्यावर पंधरा दिवस मोरीजवळच्या ओलसर कोपऱ्यात पडू द्या. त्यानंतर अंगठ्याने दाबून पाहा. सिमेंटची वडी पहिल्या दिवशी सगळ्यांत खणखणीत वाजेल. पंधराव्या दिवशी ती कशी लागते ते स्वतःच्या बोटांनी तपासा.

एक शेवटची गोष्ट दिवसांच्या हिशेबाची. घुमट बंद झाला की मालकाला घाई होते. सांध्यात आणि विटांत मुरलेले पाणी जोराच्या आचेने एकदम वाफ होऊन बाहेर पडू लागले, तर उत्तम मसालाही फुटतो. दोन आठवडे नुसते वारे लागू द्यावे. मग एक आठवडा रोज थोडी थोडी आच वाढवत न्यावी. पहिल्या दिवशी इतकीच की घुमटाला बाहेरून हात लावला तर कोमट लागावा. घुमटावर झाकलेल्या प्लास्टिकखाली पाण्याचे थेंब दिसताहेत तोवर मोठी आग नको. बांधकामाचे पाच-सहा दिवस धरले तर हा सगळा महिन्याचा मामला होतो. रमजानच्या विक्रीसाठी नवी भट्टी हवी असेल तर जुनी मोडायला शाबानच्या चंद्राची वाट पाहू नये, रजबमध्येच मिस्त्रीला बयाणा द्यावा.